हाड किती वर्षं टिकतं? आधी माती कुठली ते सांगा

जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर काहीतरी गोल, पिवळट वर येतं. ड्रायव्हरला आधी वाटतं, करवंटी असेल. मग डोळ्यांच्या खोबणी दिसतात आणि तो इंजिन बंद करतो. मुकादम मालकाला फोन लावतो, मालक पोलिसांना, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: 'पाया खोदताना मानवी सांगाडा सापडला, हाडे तपासणीसाठी प्रयोगशाळेत.' अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळतेच. पुढे काय झालं, ते मात्र बहुधा छापून येत नाही.

तोवर पारावर निकाल लागलेला असतो. एक म्हणतो, पेशवाईतला असणार. दुसरा म्हणतो, कसली पेशवाई, दहा वर्षांपूर्वी गायब झालेला तो माणूस आठवतो का? तिसरा दोघांनाही उडवून लावतो, 'इतकी वर्षं हाड राहतं होय? मातीची माती होते.'

गंमत अशी की तिघांचंही बरोबर असू शकतं. माणसाची हाडं तीन-साडेतीन हजार वर्षांनंतर दातांसकट सापडतात, आणि काही ठिकाणी शे-दोनशे वर्षांतच त्यांची भुकटीसुद्धा उरत नाही. 'किती वर्षं?' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. 'कुठल्या मातीत, किती पाण्यात?' असं विचारलं की मात्र बरंच काही सांगता येतं.

हाड म्हणजे घराचा स्लॅब

हाड पाहिलं की आपल्याला दगड आठवतो. पण हाड एका मालाचं नसतं, दोन मालांचं असतं. वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा. उरलेल्यात मोठा वाटा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा आणि थोडं पाणी. कोलॅजन म्हणजे दोरीसारखे पीळ घातलेले धागे. आपल्या कातडीतही तेच असतात.

घराचा स्लॅब टाकताना पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. आधी सळ्यांची जाळी बांधतात, मग काँक्रीट ओततात. काँक्रीट दाब सोसतं, सळ्या ताण सोसतात. हाडात कोलॅजन म्हणजे सळ्या आणि खनिज म्हणजे काँक्रीट. म्हणून तर हाड कडक असूनही काचेसारखं तडकत नाही.

हे दोन माल वेगळे करून बघता येतात. मी कोंबडीच्या तंगडीचं हाड घासून स्वच्छ केलं आणि बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. (बरणी ओट्यावर दिसताच घरच्यांनी ती बाल्कनीत हलवली, ते ओघानं आलंच.) पहिल्या दिवशी हाडाभोवती बारीक बुडबुडे दिसले. मध्ये एकदा व्हिनेगर बदललं. पाचव्या दिवशी बाहेर काढलं तर आकार जसाच्या तसा, पण दोन बोटांत धरून दाबलं तर रबरासारखं वाकलं. व्हिनेगर हे आम्ल. त्याने खनिज विरघळवून नेलं आणि नुसत्या सळ्या मागे ठेवल्या. दुसरं हाड गावच्या चुलीत निखाऱ्यांत सरकवलं. ते आधी काळं पडलं, मग राखाडी झालं, मग कडेने पांढरं. चिमट्याने उचलायला गेलो तर तुकडे पडले. इथे उलटं घडलं: प्रथिन जळून गेलं, काँक्रीट राहिलं.

जमिनीत हाडाचं जे काही होतं ते याच दोन प्रयोगांचं, फार फार सावकाश चाललेलं, मिश्रण असतं.

कुजण्याची सुरुवात कुठून होते?

आधी मांस जातं, पण तो निराळा विषय. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर कास्पर यांचा एक जुना ठोकताळा आजही शिकवतात: उघड्यावर एका आठवड्यात मृतदेह जितका कुजतो, तितकं कुजायला पाण्यात दोन आठवडे लागतात आणि जमिनीत पुरला असेल तर आठ. हा ठोकताळाच आहे. मे महिन्यातलं जळगाव आणि जानेवारीतलं महाबळेश्वर यांना एकच नियम लावता येणार नाही.

मांस गेलं की हाडाची पाळी. जिवाणूंना खरी भूक असते ती कोलॅजनची. पण त्यांची अडचण अशी की धागे खनिजात घट्ट बंद असतात. कोलॅजन तोडणारे पाचकरस त्या स्फटिकांच्या फटींत शिरूच शकत नाहीत. आणि खनिजाचे ते बारीक स्फटिक धाग्यांच्या आधारानेच जागच्या जागी राहिलेले असतात. दोघे एकमेकांची राखण करतात. एकाने दम सोडला की दुसरा उघडा पडतो. मुंबईतल्या समुद्राकाठच्या जुन्या इमारती आठवा. खारी हवा भेगेतून आत जाते, सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पोपडे पडतात, मग आणखी सळई उघडी पडते. हाडाचं अगदी असंच होतं.

जुन्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जिवाणू-बुरशीने पोखरलेले बोगदे दिसतात. १८६४ मध्येच व्हेडल नावाच्या संशोधकाने त्यांची नोंद केली होती. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा प्रकार असतो: वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत पोकळ.

जिवाणूंना आत शिरायला वाट करून देतं ते पाणी. पाणी आणि आम्ल.

काळी, तांबडी आणि पांढरी

माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे पीएच या आकड्याने मोजतात. ७ म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. शेतकऱ्याला माती परीक्षणाच्या कार्डावर हा आकडा दिसतोच. पीएच सातच्या खाली जसजसा उतरतो, तसतसं हाडातलं खनिज झपाट्याने विरघळू लागतं.

आता महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. कोकणातली जांभ्याची तांबडी माती बहुतेक ठिकाणी ५ ते ६ पीएचची, आणि वर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. देशावरची काळी माती ७.५ ते ८.५, चुनखडीचे खडे मिसळलेली, आणि शिरूरसारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर.

खडीसाखरेचा खडा साध्या पाण्यात टाकला तर विरघळतो. तोच खडा साखरेच्या दाट पाकात टाकला तर तसाच राहतो, कारण पाकात आणखी साखर सामावायला जागाच नसते. देशावरच्या मातीतलं पाणी कॅल्शियमने आधीच भरलेलं असतं. ते पाकासारखं. हाडातून आणखी कॅल्शियम घ्यायची त्याला गरज नसते. कोकणात मात्र पावसाचं ताजं पाणी दर वर्षी चार महिने मातीतून गाळून जातं, जाताना थोडं खनिज घेऊन जातं, आणि पुढच्या पावसात पुन्हा नवं पाणी येतं. खडा पाकात ठेवायचा की नळाखाली धरायचा, एवढाच फरक.

म्हणूनच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला जे सापडलं ते सापडू शकलं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून जास्त दफनं निघाली. मोठ्यांना उताणं निजवून पुरलेलं, आणि बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले. का, याबद्दल अंदाजच आहेत. मेलेल्याने उठून गावाबाहेर जाऊ नये म्हणून, असा एक. आणि हा तुटका घोटा आज आपल्याला दिसतो, म्हणजे तिथलं हाड किती चांगलं टिकलं असेल बघा.

लहान मुलांची दफनं मात्र वेगळी. दोन मातीचे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि आत मूल. एरवी तान्ह्या बाळाची हाडं सगळ्यांत आधी जातात. ती सच्छिद्र असतात, त्यांत खनिज कमी असतं, आणि कवटी तर सुट्या पापुद्र्यांसारखी असते. इनामगावात ती राहिली, कारण भोवती भाजक्या मातीचं कवच होतं. ज्या आईबापांनी लेकरू घरातच, आपल्या पायाखाली ठेवलं, त्यांनी नकळत साडेतीन हजार वर्षांची सोय केली.

इथे एक खोच आहे. काळी माती रसायनशास्त्राच्या दृष्टीने हाडाला चांगली असली तरी अंगाने दांडगी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत हाडं मोडतात, जागची हलतात. म्हणून हाडांना सर्वांत मानवते ती 'पांढरी'. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची रीत आहे, ती उगीच नाही. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, पडक्या भिंतींची माती, चुनखडी यांनी गावठाणाची टेकाडं पांढुरकी होतात. राख अल्कधर्मी असते. इनामगाव काय किंवा तसंच उत्खनन झालेलं दायमाबाद काय, ही सगळी पांढरीची टेकाडंच. आणि घर लिंपायला, शेतात टाकायला हीच माती लोक पिढ्यान्‌पिढ्या उकरून नेत आले आहेत. तिच्याबरोबर किती सांगाडे गेले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

सावली उरते, माणूस जातो

तांबड्या मातीची टोकाची गोष्ट बघायची तर इंग्लंडमध्ये जावं लागेल. सफोक परगण्यात सटन हू इथे १९३९ मध्ये एका टेकाडाखाली २७ मीटर लांबीचं जहाज सापडलं. सातव्या शतकातल्या कुणा राजाला त्यात पुरलं असावं. सोनं होतं, शिरस्त्राण होतं, चांदीची ताटं होती. राजा नव्हता. रेताड, आम्लधर्मी मातीने लाकूड खाल्लं, माणूसही खाल्ला. शंका आली की मृतदेह तिथे ठेवलाच नव्हता की काय, पण पुढे मातीत फॉस्फेट तपासलं तेव्हा कळलं की शरीर होतं. हाड विरघळलं तरी त्यातला फॉस्फेट जवळपास रेंगाळतो. त्याच परिसरात नंतरच्या उत्खननात वाळूत माणसांचे गडद आकार सापडले. हाड नाही, नुसती मातीची डागाळलेली मूर्ती. कुणी पाय दुमडून, कुणी पालथा.

याच्याही उलट प्रकार उत्तर युरोपातल्या दलदलींत. तिथे शेवाळाचा दाट थर साचलेला असतो. पाणी आम्ल, थंड, आणि प्राणवायू जवळजवळ नाही. प्राणवायू नसल्याने जिवाणू सुस्त पडतात आणि शेवाळातली द्रव्यं कातडं चक्क कमावतात, चांभाराच्या कुंडात कमावतात तसं. त्यामुळे धागे टिकतात आणि खनिज जातं. उत्तर जर्मनीत डामेनडॉर्फला १९०० मध्ये असा एक माणूस निघाला: कातडी, केस, नखं आणि काही कपडे शिल्लक, आणि आतली हाडं विरघळल्यामुळे सगळा देह चपटा. माझ्या बरणीतलं कोंबडीचं हाड आठवतंय ना? तोच प्रयोग, माणसाच्या मापाचा.

आणि उघड्यावर पडलेलं हाड? ते टिकेल असं वाटतं, पण उलट होतं. ऊन-पावसाने ते आधी उभं तडकतं, मग पापुद्रे सुटतात. केनियातल्या अंबोसेलीमध्ये अॅना बेरेन्समायर यांनी मोठ्या जनावरांच्या हाडांवर या ऱ्हासाच्या पायऱ्या ठरवल्या. १९७८ मध्ये त्या छापून आल्या. त्यांच्या नोंदींनुसार पंधरा वर्षांच्या आत हाडाचा चुरा होण्यापर्यंत वेळ येते. कुत्री, उंदीर आणि झाडांची मुळं यांचा वाटा वेगळाच.

सगळी हाडं एका वेळी जात नाहीत

तेवढ्याच आम्ल मातीत पडलेल्या एका सांगाड्याचे बरगडीचे तुकडे नाहीसे होतात आणि मांडीचं हाड राहतं. जे हाड जाड आणि भरीव, ते मागे राहतं. मणके, बरगड्या, छातीचं हाड आतून स्पंजासारखी असतात, त्यांत पाणी मुरतं. सर्वांत शेवटपर्यंत तग धरतात ते दात. दातावरच्या चकचकीत कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, ९६ टक्के खनिज असतं, जिवाणूंना खायला त्यात काहीच नाही. त्यामुळे सांगाडा गेलेला आणि नुसते दात राहिलेले, असं दफन सापडणं पुरातत्त्वज्ञांना नवं नाही.

दुसरं एक चिवट हाड आहे कानाच्या आत. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र ज्या हाडात बसवलेलं असतं, ते कवटीतलं सर्वांत घट्ट हाड. त्याचं महत्त्व पुढे येईल.

'पण चुना टाकला तर काही उरत नाही ना?'

हा प्रश्न गुन्ह्याच्या बातम्या वाचणारे हमखास विचारतात. चुन्याने हात भाजतो, म्हणून तो मांस-हाडं खाऊन टाकतो, असा समज जगभर आहे. बेल्जियममध्ये संशोधकांनी डुकरांची कलेवरं चुन्यात पुरून सहा महिन्यांनी उकरली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले: चुन्याने कुजणं मंदावलं. कारण सोपं आहे. चुना जबरदस्त अल्कधर्मी असतो, त्यात जिवाणू तग धरत नाहीत, आणि हाडातल्या खनिजाला तर अल्क हवंच असतं. पुरावा नष्ट करायला निघालेला माणूस तो जपून ठेवतो.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं निधन १५५२ च्या डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झालं. तेव्हा पेटीत चुना भरला होता, तोही मांस लवकर जाऊन हाडं पुढे नेता यावीत म्हणून, असं परंपरेने सांगतात. अडीच महिन्यांनी पेटी उघडली तर देह शाबूत होता. पुढे तो गोव्यात आला. भाविकांसाठी तो चमत्कार आहे, आणि त्यावर मला बोलायचं नाही. चुन्याबद्दलचा समज तेव्हाही आजच्यासारखाच होता, एवढंच लक्षात घ्या.

मिठाचंही तेच. समाधी देताना खड्ड्यात मीठ घालायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. लोणच्यात मीठ कशाला घालतो, तेच उत्तर.

'आमच्यात तर दहन करतात, मग हाडांचं काय?'

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्यांनी पाहिलंच असेल. राखेत दूध-पाणी शिंपडून अस्थी वेचतात, त्या पांढऱ्या, हलक्या, चिमटीत धरताना कटकन मोडणाऱ्या. सरणाच्या आगीत प्रथिन पूर्ण जळतं आणि साधारण ६००-७०० अंशांच्या पुढे हाड पांढरं पडतं. विद्युतदाहिनीतही माणूस पूर्ण 'राख' होत नाही. दोन-तीन किलो जे हाती येतं त्यात मुख्य भाग हाडांच्या तुकड्यांचाच असतो. मांस जळून जातं, हाडाचं खनिज जळतच नाही.

नाशिकला रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. तिथे अस्थी पाण्यात विरघळतात, अशी श्रद्धा आहे. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. रसायनशास्त्रापुरतं सांगायचं तर जळलेलं हाड इतकं ठिसूळ असतं की वाहत्या पाण्यात, दगडांवर घासून त्याचा रवा व्हायला वेळ लागत नाही. साखरेसारखं मात्र ते विरघळत नाही.

उलट, इथे एक आश्चर्य आहे. जोरदार आगीत हाडातले खनिजाचे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात. मोठा स्फटिक आम्लाला सहज दाद देत नाही. पिठीसाखर आणि खडीसाखर यांत आधी कोण विरघळतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे ज्या आम्ल मातीत पुरलेला सांगाडा पार नाहीसा होतो, तिथे जाळलेल्या हाडाचे तुकडे हजारो वर्षं राहू शकतात. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजला पुरलेल्या अशाच जळक्या हाडांवरून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तपासलेल्या २५ जणांपैकी किमान १० जण आयुष्याच्या अखेरच्या काळात त्या भागात राहतच नव्हते. आग सगळं पुसून टाकते, हा आपला समज हाडापुरता खोटा आहे.

'जाणकाराला बघून वय सांगता येत नाही का?'

मृत्यूच्या वेळी माणूस किती वर्षांचा होता, बाई की पुरुष, उंची साधारण किती, हे जाणकार हाडांवरून बरंच सांगतात. मृत्यू होऊन किती वर्षं झाली, हे नुसतं बघून सांगायला मात्र कोणीही धजावू नये. त्यासाठी दोन गोष्टी ऐका.

१९८३ मध्ये इंग्लंडच्या चेशायरमध्ये दलदलीत काम करणाऱ्या मजुरांना एक कवटी सापडली. तिला थोडं मांसही चिकटलेलं होतं. पोलिसांनी चौकशी सुरू केली, आणि जवळच राहून गेलेल्या एका माणसाने कबुलीच देऊन टाकली: वीसेक वर्षांपूर्वी बायकोला मारून मी इथेच टाकलं. कवटी तिचीच, असं त्यालाही वाटलं. मग कार्बनची तपासणी झाली. कवटी सतराशेहून जास्त वर्षं जुनी निघाली. तोवर उशीर झाला होता. त्याला त्याच्याच कबुलीवर शिक्षा झाली.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. उत्तराखंडात ५,०२९ मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं गोठणारं तळं आहे, भोवती शेकडो माणसांची हाडं. १९४२ पासून बाहेरच्या जगाला ते माहीत आहे. सगळे एकाच वादळात मेले, असं बराच काळ मानलं जायचं. २०१९ मध्ये ३८ जणांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही हात होता. २३ जण भारतीय उपखंडातले, इसवी सन ८०० च्या सुमारास गेलेले. १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य प्रदेशातला, आणि ते मेले त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. एकाच ढिगात शेजारी शेजारी पडलेली, दिसायला सारखी हाडं, मध्ये हजार वर्षांचं अंतर. थंडीने सगळ्यांना एकाच रंगात आणून ठेवलं होतं.

कार्बनची तपासणी म्हणजे काय, ते थोडक्यात: जिवंतपणी आपण खाण्यातून थोडा किरणोत्सारी कार्बन घेत असतो. मेल्यावर तो घेणं थांबतं आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला मोजला की काळ कळतो. पोलिसांच्या कामाला याचा आणखी एक उपयोग होतो. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत हा कार्बन एकदम वाढला. त्यामुळे हाड त्याआधीच्या माणसाचं की नंतरच्या, हे बऱ्याच खात्रीने ओळखता येतं. पेशवाई की दहा वर्षांपूर्वीचा बेपत्ता, हा पारावरचा वाद असा मिटतो.

'डीएनए तर कायम राहतो ना?'

मालिकांनी करून दिलेला समज. डीएनए हाडापेक्षाही नाजूक असतो आणि उष्णतेने त्याचे तुकडे पडत जातात. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला आहे. आपल्याकडे ४,५०० वर्षंसुद्धा भारी पडतात. हरयाणातल्या राखीगढीला हडप्पाकालीन दफनभूमीत डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने उत्खनन केलं. सांगाडे होते, हाडं शाबूत होती. ६१ नमुने तपासले, आणि उपयोगी डीएनए मिळाला तो एका बाईच्या हाडातून, तेही शंभराहून जास्त वेळा प्रयत्न केल्यावर. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यावरून किती वाद झाले, ते आठवत असेल. अशा कामात आता जगभर कानाच्या आतलं ते घट्ट हाडच आधी शोधतात. हाड टिकलं म्हणजे त्यातला मजकूरही टिकला, असं नसतं. वाळवी लागलेल्या वहीचा पुठ्ठा धड असतो, पानं गेलेली असतात.

कधीकधी मात्र नशीब साथ देतं, तेही गोव्यासारख्या दमट, जांभ्याच्या मुलखात. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझला ठार मारवलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष १६२७ मध्ये जुन्या गोव्यात आणून आपल्या मठात, खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, आणि वर ढिगारा साचला. पोर्तुगीज कागदपत्रांतल्या वर्णनावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००४ मध्ये त्या जागेचा माग काढला. हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला आईकडून येणारा डीएनए तपासला, तर भारतातल्या हजारो नमुन्यांत न सापडणारा आणि जॉर्जियात सापडणारा वंश निघाला. जुलै २०२१ मध्ये भारताने हा अवशेष जॉर्जियाला परत दिला. उघड्या जांभ्याच्या मातीत तो तुकडा चारशे वर्षं टिकला असता का, मला शंका आहे. पेटीने आणि वरच्या छपराने बराच काळ पाणी लांब ठेवलं.

तुमच्या खोदकामात निघालं तर

घराचा पाया असो, विहीर असो की शेततळं, हाड दिसलं तर ते उपसून, नळाखाली धुऊन, पोत्यात भरून पोलिस ठाण्यात नेऊ नका. जागेवरच राहू द्या, यंत्र थांबवा आणि पोलिसांना बोलवा. हाड कुठल्या थरात होतं, डोकं कुठल्या दिशेला, शेजारी खापर होतं की प्लास्टिकचं बटण, यातलं काहीच पोत्यातून कळत नाही. धुतलं की त्याला चिकटलेली मातीही जाते. पंचनाम्याला आलेल्यांना आठवण करा, की हाडाबरोबर त्याच खड्ड्यातली मूठभर माती वेगळ्या पिशवीत घ्या, आणि चार हात लांबची आणखी एक मूठ, तुलनेला.